न मोजलेला लोण

विद्यापीठाच्या मैदानावर माझा एक लोण मोजायचा राहून गेला होता. तो मी आणला होता, मैदानाभोवतीच्या सगळ्यांनी पाहिला होता, आणि पंचांनी दिला नव्हता. पुढे माझं लग्न झालं, नोकरी लागली, मुलं कॉलेजात गेली, केस पिकले, पण तो लोण काही डोक्यातून गेला नाही. नवरा म्हणायचा, बाई, आता तरी सोड. मी म्हणायची, तुमचा असता तर सोडला असता का?

ज्यांनी आट्यापाट्या पाहिल्याच नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. मैदानावर एकामागे एक नऊ आडव्या पाट्या आखतात. पाटी म्हणजे जेमतेम पाऊलभर रुंदीचा पट्टा. प्रत्येक पाटीवर एक खेळाडू उभी. तिने पट्टा सोडायचा नाही, त्याच्यावरच डावीकडे-उजवीकडे सरकत समोरचीला अडवायचं. समोरचीने हूल द्यायची, ती फसली की अंगाला हात लागू न देता पलीकडे निसटायचं. अशा नऊच्या नऊ पाट्या ओलांडायच्या, मग तशाच उलट ओलांडत परत यायचं. परत आली की हात वर करून मोठ्याने ओरडायचं, ‘लोण!’ आमच्या वेळी स्पर्धांत हे ओरडणं नियमातच होतं. ओरडली नाही तर लोण नाही.

आणि आमच्या भंडारा जिल्ह्याची गोष्ट अशी, की आमच्या तोंडात ण नाही. पाणी आम्हाला पानी, कोण आम्हाला कोन, आणि लोण आम्हाला लोन. माझं सगळं भांडण या एका अक्षराचं आहे. ते ज्या माणसाशी आहे, त्याच्याइतका अभिमान मला आयुष्यात दुसऱ्या कुणाचा वाटला नाही, हेही आत्ताच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी त्यांना चार शब्द बोलले तर वाचणाऱ्याचा गैरसमज नको.

ते आमचे सर. तालुक्याच्या कॉलेजात क्रीडाशिक्षक म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मधल्या सगळ्या वर्षांत मुलींचा आट्यापाट्याचा संघ त्यांनी एकट्याने उभा केला. मी त्यांच्या अगदी सुरुवातीच्या संघातली.

त्यांनी मला शोधून काढलं तो किस्सा आमच्या गावात अजून सांगतात. आमचं गाव लाखांदूरपासून थोडं आत. घर ढीवरांचं. बाबा गावच्या तलावात जाळं टाकत, माय मासोळ्या आठवडी बाजारात विकत असे, आणि पावसाळ्यात आम्ही सगळेच दुसऱ्यांच्या शेतात धानाच्या रोवणीला जात असू. मी बी.ए.ला नाव घातलं होतं, पण रोवणी संपेपर्यंत कॉलेजचं तोंड पाहणार नव्हते. एका दुपारी शेताच्या धुऱ्यावर, अरुंद बांधावर, पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेला एक माणूस छत्री धरून उभा राहिला. बोलला नाही, चालला नाही, नुसता आम्हा पोरींकडे पाहत राहिला. मी डोक्यावर धानाच्या रोपांच्या पेंढ्या घेऊन ओल्या धुऱ्यावरून या बांधीतून, म्हणजे खाचरातून, त्या बांधीत पळत होते. बायका आपसांत कुजबुजायला लागल्या. संध्याकाळी तो माणूस विचारत विचारत आमच्या घरी आला.

मायला दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. तिने शेजारून साखर आणवली, मला तिचं चांगलं लुगडं नेसवलं, डोक्यावर पदर दिला आणि चहाची कपबशी हातात देऊन पुढे ढकललं. मी मान खाली घालून उभी. पाय अजून चिखलाचेच होते.

सरांनी चहा घेतला. मग अगदी शुद्ध भाषेत म्हणाले, “तुला उलटं पळता येतं का?”

मी काही बोलायच्या आत माय म्हणाली, “उलटं कायले पळाचं जी? पोरीले सैपाक येते सारा.”

बाबांनी मुद्द्याला हात घातला. “पोरगा काय करते जी?”

“कोणता पोरगा?” सर म्हणाले. “माझा मुलगा पहिलीत आहे.”

बाबांनी मायकडे पाहिलं, मायने बाबांकडे. सरांच्या काहीतरी लक्षात आलं असावं. ते घाईघाईने म्हणाले, “मला तुमची मुलगी संघासाठी हवी आहे.”

एवढ्या माणसांचं रांधायचं कुणी, या विचाराने माय घाबरून गेली. “संघ म्हनजे खटलं लय मोठं हाय का जी?”

हसू नका. त्या वर्षी सरांनी असा चहा किती घरांत प्यायला याची गणती नाही. एका घरी तर म्हणे हळदीकुंकवाचं ताट बाहेर आलं होतं. पुढच्या वर्षी सरांनी शहाणपणा केला आणि बायकोला सोबत घेऊन फिरले. त्याने आणखीच घोटाळा झाला, कारण नवरा-बायको दोघं मिळून मुलगी पाहायला आले म्हणजे लोकांना पक्कंच वाटायचं. पण सरांनी पद्धत सोडली नाही. रोवणीच्या दिवसांत धुऱ्याधुऱ्याने हिंडायचं आणि ओल्या मातीवर, डोक्यावर ओझं असताना कोण घसरत नाही ते पाहायचं. ते म्हणत, धुरा आणि पाटी सारख्याच रुंदीची असतात. या पोरींना अर्धा खेळ आईबापांनीच शिकवलेला आहे. कॉलेजातले बाकीचे प्राध्यापक त्यांना हसायचे. हसोत बापडे. त्यांच्या विषयात कुणी विद्यापीठात पहिलं आलेलं मला आठवत नाही.

आमचं मैदान म्हणजे कॉलेजच्या मागचा एक तुकडा. त्यावर सकाळी गाई बसत. त्यांना उठवायचं, शेण उचलायचं आणि मग आखणी. चुन्याची फक्की महाग म्हणून सर जवळच्या राइस मिलमधून भट्टीची राख आणत आणि तिने नऊ पाट्या आखत. राखेचा एक फायदा असा, की पाय पट्ट्याबाहेर गेला तर तळवा सांगायचा. सर ओरडत नसत. नुसते पायाकडे बोट दाखवत. मी शिकत असेपर्यंत त्यांच्या तोंडून कौतुकाचा एकच शब्द ऐकला, ‘ठीक.’ तोसुद्धा कधीमधी. ज्या दिवशी ‘ठीक’ मिळे त्या दिवशी मी एसटीतून उतरल्यावर घरापर्यंत पळत जाई.

मला हूल चांगली देता यायची. पाठ करून नाही, आपोआप. लहानपणापासून बाबांसोबत तलावात उभी राहिलेली होते. मासोळी डोकं एकीकडे वळवते आणि जाते दुसरीकडे, एवढंच मी करत होते. सर म्हणायचे, हिला काही सांगू नका, बिघडेल.

दुसऱ्याच वर्षी आम्ही विद्यापीठाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलो. समोर शहरातलं मोठं कॉलेज. त्यांच्या मुलींच्या अंगावर एकसारखे ट्रॅकसूट, बाटल्यांत लिंबूपाणी, संघासोबत दोन-दोन मार्गदर्शक. आमच्याकडे सर आणि गूळ-शेंगदाण्याची पिशवी. सामना मात्र बरोबरीने चालला. शेवटच्या डावात वेळ संपत आली होती, दोन्हीकडे गुण सारखे होते, आणि मी आत होते. जाताना मला काही त्रास झाला नाही. येताना मधल्या एका पाटीवर त्यांची कर्णधार होती, उंच, लांब हातांची. तिने मला दोनदा अडवलं. तिसऱ्यांदा मी खांदा डावीकडे टाकला, ती गेली, मी उजवीकडून सुटले. पुढच्या पाट्या मला आठवतही नाहीत. पहिली पाटी ओलांडून बाहेर पडले, हात वर केला आणि छातीत होता नव्हता तेवढा श्वास लावून ओरडले, “लोन!”

पंच पुण्याकडचे होते. त्यांनी शिट्टी तोंडातून काढली. “काय म्हणालीस?”

“लोन,” मी म्हटलं.

“लोन बँकेत मिळतं, बाई,” ते म्हणाले. “नियमात लोण आहे. चुकीचा पुकार. लोण नाही.”

लोक हसले. आमच्या संघातल्या मुलीसुद्धा काय झालं ते न कळून कसंनुसं हसल्या. त्या गोंधळातच वेळ संपल्याची शिट्टी झाली, आणि नंतरच्या जादा डावात आम्ही हरलो. पण ते नंतरचं. पंचांनी लोण नाकारला त्या क्षणी मी सरांकडे पाहिलं. ते रेषेबाहेर उभे होते. मला वाटलं, आता येतील, पंचांची कॉलर धरतील, निदान हात तरी वर करतील. त्यांनी खाली मान घालून स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. आणि सामना संपल्यावर जाऊन त्या पंचांशी हात मिळवला. तो हात मिळवलेला मी कधी विसरले नाही.

परतीच्या एसटीत मी सगळ्यांपासून लांब, पुढच्या सीटवर जाऊन बसले. थोड्या वेळाने सर शेजारी येऊन बसले.

“काहून भांडले नाही जी तुमी?” मी विचारलं.

“पंचांशी भांडत नाहीत.”

“मी लोन आनला का नाही, तेवढं सांगा.”

सर खिडकीबाहेर पाहायला लागले. बाहेर कापणी झालेली शेतं होती, पाहण्यासारखं काही नव्हतं. मग म्हणाले, “नियमात लोण आहे.” तो ण त्यांनी असा ठोकून म्हटला, की मला त्यांच्या तोंडाचाच राग आला.

“मंग राहा तुमच्या नियमात,” मी म्हटलं आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवसापासून मी सरावाला गेले नाही. कॉलेजलाच गेले नाही. हरल्याचं दुःख नव्हतं, खेळात हरतातच. लोक हसले ते मी आईबापांकडून शिकलेल्या बोलीला हसले, आणि ज्यांनी मला आणलं ते गप्प बसले, हे दुःख होतं. तसं मला तेव्हा सांगता आलं नसतं. मी नुसती भांडी आपटत होते.

तीन-चार दिवसांनी सरांच्या बायको, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, एकट्याच आमच्या घरी आल्या. मायने पुन्हा चहा ठेवला. काकू आमच्याच भागातल्या, बोलणं घरचं. त्या म्हणाल्या, “तुले माहीत हाय का, हे कोठचे होत? आपल्याच जिल्ह्यातले, नाकाडोंगरीकडचे. बाप मँगनीजच्या खदानीत कामाले होता. हे खेळाचं शिकाले पुन्याले गेले तं तेथच्या मास्तरनं साऱ्यासमोर उभं केलं अन् म्हने, बाण म्हण. हे म्हनले, बान. मंग शिकून होईपर्यंत यायचं नावच बान पडलं. तवापासून घरात बी ण सोडत नाही हा मानूस. झोपेत बडबडते ते बी शुद्ध.”

“मंग त्यायले तं समजाले पायजे होतं,” मी म्हटलं. “भांडाले पायजे होतं.”

“भांडाची हिंमत नाही बाई त्याच्यात,” काकू म्हणाल्या. “सराव कराची हाय.”

माझा राग गेला नाही. पण मी गेले. खेळाशिवाय मला करमत नव्हतं, हे खरं कारण.

आणि काकू म्हणाल्या तेच झालं. त्या दिवसापासून सरावाच्या आधी आम्हाला राखेच्या पहिल्या पाटीवर ओळीत उभं करून सर म्हणवून घ्यायला लागले. पाणी. लोणी. कोण. पण. लोण. “जीभ वर! टाळूला लावा! मागे न्या!” ते स्वतःची जीभ दाखवत. पोरी खिदळत. मैदानाच्या कडेला बसलेल्या गाईंशिवाय ते गंभीरपणे कुणी ऐकत नव्हतं. घरी मी आरशासमोर करून पाहायची तर माय विचारायची, तोंड आलं का तुले? पुढे तीच बाजारात मासोळ्यांवर शिंपडायला ‘पाणी’ मागायला लागली आणि शेजारच्या बायकांनी तिला ‘साहेबीण’ म्हणायला सुरुवात केली. मी तो ण शिकले. रागारागाने शिकले, आणि असा शिकले की आजही माझ्यासारखा कुणी म्हणून दाखवावा.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा अंतिम सामन्यात होतो. मी पुन्हा लोण आणला आणि “लोण!” असा ओरडले, की टाळूला झिणझिण्या आल्या. पंचांनी मुकाट्याने हात वर केला. आम्ही जिंकलो. तालुक्याच्या कॉलेजने विद्यापीठाचा चषक आणला, एसटी स्टँडपासून कॉलेजपर्यंत आमची मिरवणूक निघाली, बाबा पहिल्यांदा नवा सदरा घालून तालुक्याला आले. सर म्हणाले, “ठीक.” मला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं होतं, खोटं कशाला बोलू. पण रात्री झोपताना वाटलं, हा दुसरा होता. पहिल्याचं काय?

मी ते सरांना पुन्हा विचारलं नाही. त्यांनीही काढलं नाही. तुटलं असतं तर बरं, एकदाची मोकळी झाले असते. तसं नव्हतं. माझ्या लग्नात तांदूळ टाकायला ते होते, बाबा गेले तेव्हा तलावाच्या काठावर ते होते. फक्त ती एक गोष्ट मध्ये तशीच पडून होती.

आमच्या त्या चषकानंतर सरांचं नाव झालं. एकामागून एक संघ घडले. मुली विद्यापीठाच्या संघात गेल्या, राज्याच्या संघात गेल्या, राष्ट्रीय स्पर्धेतून पदकं घेऊन आल्या. आज या जिल्ह्यात तुम्ही कुठेही जा, सरांची एखादी पोरगी भेटतेच. कुणी पोलिसांत हवालदार आहे, कुणी वनरक्षक, कुणी एसटीत कंडक्टर, कुणी दवाखान्यात नर्स. खेळाडूंच्या राखीव जागेतून लागलेल्या कितीतरी. ज्या घरांत सर मुलगी पाहायला आले म्हणून चहा मिळाला होता, त्या घरांत नंतर सरांसाठी कोंबडं कापलं जाऊ लागलं. माझ्या घरी मासोळीचा रस्सा. हे मी नुसतं सांगत नाही, मिरवते आहे.

सत्कार तर विचारू नका. ग्रामपंचायत, पंचायत समिती, क्रीडा संघटना, गणेशोत्सव मंडळं, जो तो सरांना बोलावून शाल आणि श्रीफळ देई. नारळ काकूंच्या स्वयंपाकघरात जात. शालींचं काय करायचं हा प्रश्न होता. मग सरांनी त्या सगळ्या एका गाठोड्यात बांधल्या. स्पर्धा नेमक्या थंडीत असत आणि संघाची झोपायची सोय कुठल्यातरी शाळेच्या फरशीवर. तिथे ते गाठोडं सुटे. प्रत्येक मुलीच्या अंगावर सरांचा एकेक सत्कार. पोरी भांडायच्या, मला ती जरीच्या काठाची दे, मला आमदाराची नको, पातळ आहे. सरांच्या घरी भिंतीवर एक प्रमाणपत्र टांगलेलं नाही की काचेच्या कपाटात चषक मांडलेले नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “कपाटाला काय थंडी वाजते?”

मी मोहाडीच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका झाले. पंचांची परीक्षा दिली आणि पंचही झाले. ती परीक्षा का दिली हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण इतकं वाचून तुम्हाला कळलंच असेल. तेव्हापासून माझ्या पर्समध्ये घराच्या किल्लीसोबत शिट्टी असते, बाजारात जातानासुद्धा.

पंच म्हणून मी उभी राहिले त्या पहिल्याच मोठ्या सामन्यात एक संघ सरांचा होता. दुसरा गोंदियाकडचा, खेड्यातला, नवा. त्यांची एक बारकी पोरगी लोण घेऊन आली आणि हात वर करून ओरडली, “लोन!” मी हात वर केला. दिला. सरांची कर्णधार तावातावाने माझ्याकडे आली, “मॅडम, चुकीचा पुकार आहे, नियमात लोण आहे!” तिचा ण अगदी सरांसारखा होता. मी म्हटलं, मला ऐकू आलं, लोण आहे. ती सरांकडे धावली. मैदानाच्या या टोकावरून मला त्यांचा आवाज ऐकू आला, “पंच म्हणतात तर आहे. पंचांशी भांडत नाहीत.” ते बोलत होते तिच्याशी आणि पाहत होते माझ्याकडे. सरांचा संघ तो सामना हरला. माझ्या हातून हरला म्हणा. जाताना सर माझ्याजवळ आले, हात मिळवला आणि गेले. मी मनात म्हटलं, म्हणजे तुम्ही त्या पंचाशी मिळवला तो हात आणि हा हात, सारखाच का?

पुढे नियम बदलले, ओरडायची अटच गेली. आजच्या मुलींना या भांडणातलं काही कळायचं नाही.

या वर्षी सर निवृत्त झाले आणि त्यांना जीवनगौरव पुरस्कार जाहीर झाला. कार्यक्रम भंडाऱ्याला एका सभागृहात होता. काकूंचा फोन आला. “ये बरं. नाही आलीस तं हे काही बोलतीन नाही, पन डोळे दाराकडेच राहतीन.” मी निघाले, आणि एसटीने नेहमीप्रमाणे दगा दिला. पोहोचले तेव्हा सभागृह भरलं होतं. अगदी शेवटच्या रांगेत, मधल्या वाटेच्या कडेला एक खुर्ची मिळाली. पुढे पाहते तर रांगारांगांत आमच्याच पोरी. पोरी कसल्या, कुणाचे गुडघे गेलेले, कुणाला चष्मा. कुणी पोलिसाच्या वर्दीतच आलेली, कुणी कडेवर नातू घेऊन.

सूत्रसंचालन करणारा तरुण प्राध्यापक फार सुरेख मराठी बोलत होता. त्याने सरांच्या सगळ्या संघांची, सगळ्या पदकांची यादी वाचली, आणि एवढी वर्षं जवळ राहूनही मला त्यातलं निम्मं ठाऊक नव्हतं. माझ्या शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला मी सारखी सांगत होते, आमचे सर आहेत, आमचे सर. सरांना मानपत्र दिलं, शाल पांघरली, हातात नारळ दिला. सर बोलले ते थोडंच. कॉलेजचे आभार, राइस मिलवाल्यांचे आभार, मुलींच्या आईबापांचे आभार. सगळं शुद्ध, प्रत्येक ण जागच्या जागी. मी ऐकत होते आणि मला हसूही येत होतं आणि ते जुनं काहीतरी पुन्हा टोचत होतं.

सर व्यासपीठाच्या पायऱ्या उतरले. मधल्या वाटेने यायला लागले तशी पहिल्या रांगेतली आमची हवालदारीण उठली आणि वाटेत आडवी उभी राहिली. हात पसरून म्हणाली, “सर, पाटी!”

एक क्षण कुणाला कळलं नाही. मग दुसऱ्या रांगेतली उठली, मग चौथ्या, मग सहाव्या. पाहता पाहता वाटेत पाट्या लागल्या. सभागृहात हशा, शिट्ट्या. सरांनी नारळ काकूंच्या हातात दिला, शाल सावरली आणि पुढे झाले. हवालदारणीला त्यांनी शाल डावीकडे हलवून दाखवली आणि उजवीकडून गेले. दुसरीला नुसत्या डोळ्यांनी फसवलं. कुणी मुद्दाम सोडत नव्हतं हो. साठीतला माणूस आहे म्हणून दया दाखवायला त्यांनी आम्हाला कधी शिकवलंच नव्हतं. सर धापा टाकत होते, पण पाय जिथे पडायला हवा तिथेच पडत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते अभिमानाने, दुसऱ्या कशाने नाही.

शेवटची पाटी माझी. मी उठून वाटेत उभी राहिले. सर माझ्यासमोर आले. त्यांच्या सगळ्या हुली मला पाठ होत्या. त्यांनी खांदा टाकला, मी हलले नाही. पाय टाकला, हलले नाही. मग त्यांनी माझ्या मागे दाराकडे पाहून एकदम मान डोलावली, जणू कुणी ओळखीचं आत आलं. मी वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं, आणि सर माझ्या पलीकडे उभे होते. मासोळीची हूल, माझीच.

मग ते फिरले आणि तशाच सगळ्या पाट्या ओलांडत परत गेले. पहिल्या रांगेपुढे पोहोचल्यावर थांबले. पाठमोरे होते, शाल एका खांद्यावरून लोंबत होती. सभागृह आपोआप शांत झालं, कारण आता काय करायचं असतं ते आमच्यातल्या प्रत्येकीला माहीत होतं. सरांनी आमच्याकडे तोंड केलं, हात वर केला आणि ओरडले,

“लोन!”

मला वाटलं, मला चुकीचं ऐकू आलं. पण व्यासपीठावरच्या तरुण प्राध्यापकानेही तेच ऐकलं होतं. तो माइकवर हसत म्हणाला, “सर, लोण! मुलींना शुद्ध बोलायला तर तुम्हीच शिकवलंत ना!” लोक हसले.

सर हसणं संपेपर्यंत थांबले. त्यांचा श्वास अजून लागला होता. मग घरात, झोपेतसुद्धा न बोललेल्या बोलीत ते म्हणाले, “लोनच म्हनलो जी मी. आमच्या पोरीनं बी तवा लोनच आनला होता. तो मोजाले पायजे होता, अन् मी बोलाले पायजे होतं.” त्यांनी माझ्या दिशेने हात केला. “पंच उभ्या हायेत मांगं. त्यायले विचारा.”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी पर्स उघडली. किल्ली हाताला लागली, रुमाल लागला, मग शिट्टी लागली. पहिल्यांदा फुंकली तर नुसती हवा निघाली, रडताना शिट्टी वाजत नाही. दुसऱ्यांदा वाजली. मी हात वर केला आणि दोन बोटं दाखवली. एक त्यांचा, एक माझा.